स्वर्गमंडपावरचा चंद्र

रात्रीच्या आकाशाकडे पाहून ईश्वराच्या वैभवाची जाणीव होणे ही गोष्ट कोणत्याही एका धर्माची मिरास नाही. परंतु त्या जाणिवेला निश्चित जागा आणि निश्चित वेळ देण्याची जी परंपरा दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूरच्या परिसरात, आढळते ती वेगळ्या प्रकारची आहे. येथे भक्त केव्हाही वर पाहून हात जोडतोच, पण त्याचबरोबर पंचांगातली तिथी पाहून, ठरलेल्या मंदिरात, ठरलेल्या दगडापाशी उभा राहून तो आकाशाची वाट पाहतो. श्रद्धेत गणित मिसळल्याने श्रद्धा उणावते असा आधुनिक मनाचा एक समज असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर पाहिल्यावर तो समज टिकणे कठीण आहे.

भारतीय विचारात या जाणिवेसाठी ‘विभूती’ अशी संज्ञा आहे. सर्वत्र व्यापून असलेले परमतत्त्व एखाद्या वस्तूत, व्यक्तीत किंवा काळात अधिक उत्कटपणे प्रकट होते, तेव्हा ती वस्तू, व्यक्ती अथवा तो काळ त्याची विभूती मानला जातो. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण अशा विभूतींची गणना करताना नक्षत्रांमध्ये चंद्र आणि महिन्यांमध्ये मार्गशीर्ष ही आपली रूपे असल्याचे सांगतो, आणि १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीमुळे हा अध्याय मराठी माणसाच्या कानावर मातृभाषेत पडत आला आहे. या मांडणीत आकाश म्हणजे देवाचे घर नव्हे, आणि देवाने घडवून दूर ठेवलेली वस्तूही नव्हे; चंद्र हा त्या तत्त्वाचाच ठळकपणे दिसणारा भाग आहे, म्हणून चंद्राचे दर्शन हे दर्शनच असते. मार्गशीर्षाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही, कारण विभूती ही जशी वस्तू असू शकते तसा काळही असू शकतो, आणि खिद्रापूरला जे घडते ते समजण्यासाठी या दोहोंची गरज पडते.

खिद्रापूर हे शिरोळ तालुक्यातील, कृष्णेच्या काठचे, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेले गाव. तेथील कोपेश्वराचे मंदिर मुख्यतः बाराव्या शतकात, कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळात उभे राहिले. सतीने दक्षाच्या यज्ञात देहत्याग केल्यावर कोपलेला शिव येथे येऊन बसला आणि त्याची समजूत काढण्यासाठी विष्णूही आला, अशी स्थानिक कथा आहे. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगे आहेत. शिवमंदिर असूनही समोर नंदी नाही, कारण सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, आणि तो नंदी पलीकडे कर्नाटकातील यडूरला आहे असे सांगितले जाते. गाभारा, अंतराळ आणि सभामंडप ही रचना नेहमीचीच आहे. नेहमीचा नाही तो सभामंडपापुढे सुटा उभा असलेला स्वर्गमंडप.

या मंडपाला ४८ खांब आहेत आणि त्यांतल्या सर्वांत आतल्या १२ खांबांनी एक वर्तुळ साधले आहे. वर्तुळाच्या मध्यभागी जमिनीवर रंगशिला म्हणजे एकसंध, गोल, गुळगुळीत दगड बसवलेला असून त्याच्या नेमके वर छत नाही. तेथे सुमारे १३ फूट व्यासाचे गोल गवाक्ष उघडे सोडले आहे. गवाक्षाच्या कडेने कार्तिकस्वामी आणि आपापल्या वाहनांसह अष्टदिक्पाल, म्हणजे आठ दिशांचे रक्षक देव, कोरलेले आहेत. रंगशिलेवर उभे राहून वर पाहिले की आठ दिशांच्या देवांनी वेढलेला आकाशाचा एक गोल तुकडा दिसतो. एरवी अमर्याद पसरलेले आणि म्हणूनच डोळ्यांत न मावणारे आकाश येथे कोरीव दगडाच्या कडेत बसते, आणि सगळे लक्ष एकाच बिंदूकडे जाते. तो बिंदू म्हणजे पाहणाऱ्याच्या नेमका माथ्यावरचा आकाशबिंदू; ज्योतिषशास्त्रात त्याला खस्वस्तिक किंवा खमध्य म्हणतात.

कार्तिक पौर्णिमेच्या म्हणजे त्रिपुरारी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र या गवाक्षावर येतो आणि त्याचा प्रकाश सरळ रंगशिलेवर उतरतो. ते पाहण्यासाठी त्या रात्री गावात गर्दी होते, मंदिरात दिवे लावले जातात, आणि बारा वाजायला आले की सगळ्यांच्या माना वर होतात. आजूबाजूच्या खांबांमधला काळोख, मध्ये दगडावर पडलेला टिपूर चांदण्याचा गोल आणि त्या गोलाची हळूहळू सरकणारी कड, असे ते दृश्य असते. त्याला चमत्कार म्हणणारे पुष्कळ आहेत. पण तो नियमाने घडतो, आणि तो नियम कोणालाही समजण्यासारखा आहे.

खिद्रापूर आणि कोल्हापूर ही दोन्ही ठिकाणे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १६.७ अक्षांशावर आहेत. आकाशस्थ गोल खगोलीय विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेस किंवा दक्षिणेस असतो, त्या अंतराला क्रांती म्हणतात, आणि ज्या गोलाची उत्तर क्रांती एखाद्या गावाच्या अक्षांशाइतकी असते तो गोल त्या गावाच्या बरोबर डोक्यावरून जातो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्याची क्रांती दक्षिणेस १४ ते १८ अंशांच्या दरम्यान असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, ही तर पौर्णिमेची व्याख्याच. म्हणून सूर्य जितका दक्षिणेस, साधारण तितकाच त्या रात्रीचा चंद्र उत्तरेस. कार्तिकी पौर्णिमेच्या चंद्राची क्रांती अशा रीतीने या अक्षांशाच्या अगदी जवळ जाते आणि पूर्णचंद्र मध्यरात्री सर्वोच्च स्थानी येत असल्याने तो खस्वस्तिकाशी पोहोचतो. येथे मध्यरात्र म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची असून खिद्रापूर त्याच्या बरेच पश्चिमेस आहे, त्यामुळे नोव्हेंबरात तेथील खरी मध्यरात्र बारा वाजून गेल्यावर सुमारे पाव तासाने होते, आणि पौर्णिमा नेमकी कोणत्या क्षणी भरते त्यानुसार चंद्राची वेळही थोडी पुढे-मागे होते.

हे गणित दर वर्षी सारखे जुळत नाही. एक तर चांद्रमासामुळे कार्तिकी पौर्णिमेची इंग्रजी तारीख बदलते: २०२३ साली ती २७ नोव्हेंबरला होती, २०२५ साली ५ नोव्हेंबरला. दुसरे असे की चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी, म्हणजे क्रांतिवृत्ताशी, सुमारे ५ अंशांचा कोन करते. हे दोन मार्ग ज्या दोन बिंदूंत एकमेकांना छेदतात तेच राहू आणि केतू. पुराणांत त्यांना राक्षसाचे शिर आणि धड मानले असले तरी सिद्धांतग्रंथांत ते निव्वळ पातबिंदू आहेत, आणि त्यांची एक फेरी पूर्ण होण्यास सुमारे १८.६ वर्षे लागतात. त्या फेरीनुसार कार्तिकी चंद्र कधी माथ्याच्या थोडा उत्तरेकडून जातो, कधी थोडा दक्षिणेकडून. तरीही स्वर्गमंडपातला सोहळा सहसा चुकत नाही, कारण चंद्र एक अंश कलला तर चांदण्याचा गोल छताच्या उंचीच्या सुमारे सत्तावन्नाव्या भागाइतकाच सरकतो. १३ फुटांच्या गोलापुढे ही काही इंचांची गोष्ट आहे. मोठे गवाक्ष ठेवण्यातले शहाणपण हेच.

रचनाकारांनी हे जाणूनबुजून केले का, हा प्रश्न टाळता येत नाही. गवाक्ष होमाच्या धुराला वाट मिळावी म्हणून ठेवले असेही सांगितले जाते, आणि ते अशक्य मुळीच नाही. शिवाय केवळ भूमिती पाहिली तर माथ्यावरचा पूर्णचंद्र ही एकट्या कार्तिकाची मक्तेदारी नाही. जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी सूर्याची दक्षिण क्रांती पुन्हा तेवढीच होते, त्यामुळे त्या सुमारास येणारी पौषी किंवा माघी पौर्णिमाही खिद्रापूरला जवळजवळ तसाच चंद्र दाखवते. त्या रात्री मात्र कोणी वाट पाहत बसत नाही. त्रिपुरासुराचा वध करून शिवाने तीन नगरे जाळली तो दिवस कार्तिकी पौर्णिमेचा, म्हणून शिवमंदिराला ती रात्र जवळची. त्यात पाऊस संपून आकाश नुकते निवळलेले असते आणि शेतकऱ्याला थोडी उसंतही मिळालेली असते. थोडक्यात, अक्षांशाने दोन रात्री देऊ केल्या आणि कथेने त्यांतली एक उचलली. विभूतीत काळाचाही समावेश का करावा लागतो ते येथे कळते.

अशीच दुसरी जोडी थेट कोल्हापूर शहरात आहे. अंबाबाई अर्थात महालक्ष्मीचे मंदिर पश्चिमाभिमुख असून वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरून गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मध्यापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा या किरणोत्सवाचा क्रम सांगितला जातो. या दोन्ही वेळा सूर्याची दक्षिण क्रांती सुमारे १७ अंश असते आणि तो पश्चिम बिंदूच्या सुमारे १८ अंश दक्षिणेस मावळतो. २१-२२ डिसेंबरच्या आधी जितके दिवस, नंतरही साधारण तितकेच, म्हणून वर्षातून दोन किरणोत्सव. पण ही सूर्याची क्रांती म्हणजे खिद्रापूरच्या चंद्राचीच क्रांती, फक्त चिन्ह उलटे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पौर्णिमा आली तर कोल्हापुरात सूर्य अंबाबाईच्या चरणांशी मावळत असतानाच त्याच रेषेच्या दुसऱ्या टोकाला चंद्र उगवतो, आणि सहा तासांनी तो कोपेश्वराच्या मंडपावर येतो. साठेक किलोमीटर अंतरावरच्या, वेगवेगळ्या देवतांच्या या दोन मंदिरांची सांगड कोणी मुद्दाम घातली असे म्हणायला आधार नाही; ती अक्षांशानेच घातली आहे.

२०२२ साली हे विशेष स्पष्टपणे घडले. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला खग्रास चंद्रग्रहण झाले, म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत आले. कोल्हापुरात चंद्र उगवला तोच ग्रासलेला, आणि सव्वासहाच्या सुमारास ग्रहण सुटले. त्या मध्यरात्री चंद्र या अक्षांशाच्या खस्वस्तिकापासून दीडेक अंश उत्तरेकडून गेला, तर आदल्या रात्री तोच तीनेक अंश दक्षिणेकडून गेला होता. एका दिवसात चंद्राची क्रांती किती झपाट्याने बदलते ते यावरून दिसते. दुसऱ्याच संध्याकाळी, ९ तारखेला, अंबाबाईच्या किरणोत्सवाचा पहिला दिवस होता.

मध्ययुगीन दक्षिणेत असे हिशेब करणारी माणसे होती, याचा पुरावा खिद्रापूरपासून दूर खानदेशात सापडतो. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिला, आणि त्यातील गोलाध्यायात पृथ्वी व आकाश यांची गोलाकार भूमिती मांडली. त्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता, आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्याने तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापला. याच सिंघणाने शिलाहारांची सत्ता संपवून कोल्हापूर घेतले आणि शके ११३६ मध्ये कोपेश्वराला दान दिल्याचा शिलालेख खिद्रापूरच्या मंदिरात आहे. एकाच राजाच्या छायेत आकाशाचे गणितही जगले आणि आकाशाकडे उघडलेला मंडपही. या योगायोगातून स्वर्गमंडपाचा आराखडा एखाद्या ज्योतिष्याने काढला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण गणित आणि पूजा ही दोन निराळी दालने असल्याची कल्पना त्या काळावर लादू नये, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

कोल्हापूरच्या अक्षांशाने आणखीही एक गोष्ट दिली आहे. रोहिणी नक्षत्राच्या तांबूस योगताऱ्याची आजची क्रांती उत्तरेस सुमारे १६.५ अंश आहे, त्यामुळे हा तारा कोल्हापूरच्या माथ्यावरून जाताना खस्वस्तिकापासून चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतकाही दूर राहत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस तो मध्यरात्री तेथे येतो. मात्र शिलाहारांच्या काळी तसे नव्हते. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, तिला संपातचलन म्हणतात, आणि तिच्यामुळे ताऱ्यांच्या क्रांती सावकाश बदलतात; बाराव्या शतकात रोहिणी या माथ्याच्या सुमारे दोन अंश दक्षिणेकडून जात असे. याच अक्षांशावरून ध्रुव उत्तर क्षितिजावर जेमतेम १७ अंश दिसतो, तर दक्षिणेस अगस्त्य २० अंशांवर चढतो आणि त्रिशंकूही काही काळ क्षितिजावर डोकावतो. आकाशाची दोन्ही टोके अशी एकाच ठिकाणाहून पाहायला मिळणे उत्तरेकडच्या देशांना शक्य नाही. रोममधील पँथिऑन या दुसऱ्या शतकातील मंदिराच्या घुमटालाही मधोमध गोल गवाक्ष आहे आणि त्यातून येणारा उन्हाचा झोत जगप्रसिद्ध आहे. पण रोम ४२ अक्षांशाजवळ असल्याने तेथे सूर्य किंवा चंद्र कधीच माथ्यावर येत नाही, आणि झोत तिरपाच पडतो.

आकाशात वैभव पाहणारे कोल्हापुरात केवळ शैव-शाक्तच आहेत असे नाही. शिलाहारांच्या आश्रयाने येथे जैन परंपरा भरभराटीस आली, आणि जैन तत्त्वज्ञानात विश्वाचा कर्ता ईश्वर मानलेला नाही. तरीही चंद्र, सूर्य, ग्रह, नक्षत्रे आणि प्रकीर्णक तारे हे ‘ज्योतिष्क’ नावाच्या देवगणाचे पाच वर्ग तेथे सांगितले आहेत. म्हणजे आकाश तेजस्वी आणि देवांनी भरलेले आहे, पण ते कोणाची निर्मिती नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, १८५२ साली रॉयल वाइल्डर यांच्याबरोबर कोल्हापुरात आलेल्या अमेरिकन मिशनची श्रद्धा आहे. तिच्या बायबलातील एकोणिसाव्या स्तोत्राचा आरंभच आकाश आपल्या निर्मात्याचा महिमा सांगते या विचाराने होतो, आणि तेथे तारे पूज्य नसून साक्षीदार आहेत. एकाच शहरात एकाच चंद्राविषयी विभूती, देव आणि साक्षीदार अशा तीन भूमिका शेजारी-शेजारी नांदत आल्या. त्यांना एकाच सुरात बसवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण त्यांच्यातला भेद खरा आहे.

चौथी भूमिका कोल्हापुरातच जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाची. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी ज्या विश्वप्रतिमानांवर काम केले त्यांत विश्वाला एकमेव आरंभक्षण नाही, आणि आरंभ नसेल तर आरंभ करणाऱ्याचा प्रश्नही त्या रूपात उभा राहत नाही. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी महास्फोटाचा सिद्धांत स्वीकारल्यावरही ते आपल्या मतावर ठाम राहिले. २००८ साली नरेंद्र दाभोलकर यांच्या सहकार्याने त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा कुंडल्यांवरून वर्तवलेले अंदाज नाणेफेकीपेक्षा सरस ठरले नाहीत. ही चाचणी श्रद्धेच्या विरुद्ध होती असे पुष्कळांना वाटले. वस्तुतः विभूती म्हणून पाहिलेला ग्रह आणि साडेसातीच्या भीतीने पाहिलेला ग्रह यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शनीची शांत करणाऱ्यांपैकी किती जणांनी आकाशात शनी ओळखून पाहिला आहे, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

कोल्हापूरच्या आकाशाचा अभ्यास आजही चालतो. शिवाजी विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्र पन्हाळ्यावर आहे, आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेने विद्यापीठाच्या साहाय्याने कोल्हापुरातून नभोदीप्तीची निरीक्षणे केली आहेत. नभोदीप्ती म्हणजे रात्रीच्या हवेचा स्वतःचा मंद प्रकाश. दिवसा सूर्याच्या किरणांनी फुटलेले आणि भारित झालेले वायूंचे कण रात्री पुन्हा एकत्र येताना तो बाहेर टाकतात. त्यातील ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश सुमारे ९७ किलोमीटर उंचीवरून आणि तांबडा सुमारे २५० किलोमीटरवरून येतो. अगदी अंधाऱ्या रात्रीही आकाश पूर्ण काळे नसते, त्याचे एक कारण हेच. या प्रकाशाच्या पटलात उमटणाऱ्या लाटांवरून आणि पोकळ्यांवरून वरच्या वातावरणातील हालचाली समजतात, आणि रेडिओ लहरींच्या दळणवळणात येणाऱ्या अडथळ्यांची कारणे शोधता येतात. तो इतका क्षीण असतो की चंद्र आकाशात असताना मोजमाप घेणे अवघड होते, म्हणून ही निरीक्षणे बहुधा अमावास्येच्या मागच्या-पुढच्या रात्री, पावसाळा सोडून, आणि शहराच्या दिव्यांची झळ पोहोचणार नाही अशा जागेवरून करतात.